परीक्षा संपली आणि पैसे परत गेले : डिजिटल सेवा विकणाऱ्याने चार्जबॅकला कसे उत्तर द्यावे?

बालाघाट (लातूर)

नमस्कार. मी लातूरला नीट आणि सीईटी देणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन टेस्ट सिरीज चालवतो. वर्षाची वर्गणी १,९९९ रुपये आहे. शिकवणी वर्गांच्या या गावात आमचे काम लहानच म्हणावे लागेल. प्रश्न काढणारे तिघे, तांत्रिक बाजू पाहणारा एक आणि पालकांचे फोन घेणारी माझी पत्नी, एवढाच आमचा पसारा आहे.

गेल्या जूनमध्ये, परीक्षा आटोपल्यानंतर, आठ दिवसांत आमच्यावर सहा चार्जबॅक आले. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ग्राहकाने कार्डाने पैसे भरले आणि पुढे काही कारणाने त्याला तो व्यवहार मान्य नसला, तर तो आपल्याकडे न येता थेट स्वतःच्या बँकेकडे तक्रार करतो. ती बँक कार्डाच्या नेटवर्कमार्फत (व्हिसा, मास्टरकार्ड वगैरे) आपल्या बाजूच्या बँकेकडून ती रक्कम मागे खेचते आणि पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन आपल्या खात्यात जमा करणारी कंपनी, ती आपल्या पुढच्या जमा रकमेतून वळती करून घेतो. गेटवेचे शुल्क त्यावर वेगळे लागते.

सहांपैकी एक प्रकरण माझ्या मनातून जात नाही. त्या विद्यार्थ्याने वर्षभरात आमच्या ३१ चाचण्या सोडवल्या होत्या आणि शेवटची चाचणी परीक्षेच्या दोन दिवस आधी दिली होती. कार्ड वडिलांचे होते. बँकेकडे गेलेल्या तक्रारीत लिहिले होते की सेवा मिळालीच नाही. मी गेटवेला दोन पानांचे पत्र लिहिले. आम्ही रात्र रात्र जागून प्रश्न काढतो, मुलाला शंका आल्यावर आमच्या शिक्षकांनी रविवारी फोनवर समजावून सांगितले होते, हे सगळे त्यात कळकळीने मांडले. निकाल ग्राहकाच्या बाजूने लागला. रक्कम मोठी नाही, पण ज्या मुलासाठी आपण राबलो त्याच्या घरून असे लिहून यावे, याचे दुःख पैशापेक्षा मोठे आहे.

माझा प्रश्न सरळ आहे. धान्य किंवा कापड विकणाऱ्याकडे कुरिअरची पोच असते. ज्याचा माल दिसत नाही आणि हातात धरता येत नाही, त्याने तो पोचल्याचे सिद्ध कसे करायचे? या भागात संकेतस्थळे बनवणारे, डिझाइन विकणारे, अभ्यासक्रम चालवणारे आता बरेच जण आहेत. आपण काय करता, ते कृपया सविस्तर लिहावे.

गोदाकाठ (नांदेड)

सर, आपले पत्र चुकीचे नव्हते, परंतु ते विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. प्रत्येक चार्जबॅकबरोबर एक कारण-संकेतांक येतो. तो संकेतांक हाच प्रश्न असतो आणि आपले उत्तर त्यालाच धरून असावे लागते. व्हिसाच्या पद्धतीत १३.१ म्हणजे माल किंवा सेवा मिळाली नाही, १३.२ म्हणजे बंद केलेली आवर्ती (ठराविक काळाने आपोआप कापली जाणारी) वर्गणी पुन्हा कापली गेली, १३.३ म्हणजे सांगितले तसे मिळाले नाही, आणि १०.४ म्हणजे कार्ड समोर नसताना झालेला व्यवहार मी केलाच नाही. मास्टरकार्डमध्ये व्यवहार नाकारण्यासाठी ४८३७ आणि ग्राहकाच्या इतर तक्रारींसाठी ४८५३ असे संकेतांक आहेत. आपल्या प्रकरणात १३.१ असणार. त्याचे उत्तर एकच असते : सेवा मिळाली, ती कोणत्या तारखेला आणि कोणत्या वेळी वापरली गेली, आणि वापरणारा तोच होता हे कशावरून म्हणता येते. आपल्या शिक्षकांचे जागरण किंवा रविवारचा फोन त्या प्रश्नात बसत नाही. फोनची नोंद जोडली असती तर मात्र तिचा उपयोग झाला असता.

मी गेली काही वर्षे होस्टिंग आणि संकेतस्थळांच्या देखभालीचे काम करतो. निम्मे ग्राहक देशातले आहेत आणि निम्मे परदेशातले. एक गोष्ट मला फार उशिरा कळली, म्हणून ती आधी सांगतो. आपल्याकडे अनेकांचा समज असतो की ग्राहकाने ओटीपी टाकला म्हणजे आपण सुरक्षित झालो. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून देशातल्या ऑनलाइन कार्ड व्यवहारांना दुसरी पडताळणी सक्तीची केली आहे, त्यामुळे आपल्याकडे 'कार्ड चोरून वापरले' अशा तक्रारींचा भार सहसा विक्रेत्यावर येत नाही. पडताळणी झालेल्या व्यवहारात फसवणुकीची जबाबदारी कार्ड देणाऱ्या बँकेकडे सरकते. पण ही ढाल फक्त फसवणुकीच्या तक्रारीपुरतीच आहे. 'सेवा मिळाली नाही' किंवा 'सांगितले तसे नव्हते' या तक्रारींपुढे ओटीपीचा काहीही उपयोग नाही, कारण तिथे ग्राहक व्यवहार नाकारतच नाही. व्यवहार मीच केला, पण पदरात काही पडले नाही, असे त्याचे म्हणणे असते. परदेशी कार्डांवर तर ही ढाल अनेकदा नसतेच, कारण तिथे प्रत्येक व्यवहाराला दुसरी पडताळणी होतेच असे नाही.

दुसरी गोष्ट मुदतीची आहे. बहुतेक तक्रारींना व्हिसाच्या नियमांत १२० दिवस असतात, पण 'सेवा मिळाली नाही' या प्रकारात हे १२० दिवस पैसे भरल्यापासून न मोजता, सेवा मिळण्याची ज्या तारखेपर्यंत अपेक्षा होती त्या शेवटच्या तारखेपासून मोजता येतात. वरची मर्यादा व्यवहारापासून ५४० दिवसांची आहे. म्हणजे वर्षाची वर्गणी विकणाऱ्याला सुमारे सोळा महिन्यांपर्यंत तक्रार येऊ शकते. म्हणून मी लॉग, म्हणजे वापराच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, दोन वर्षे ठेवतो. पूर्वी जागा वाचवण्यासाठी ९० दिवसांत पुसून टाकत असे आणि त्या सवयीने मला दोन प्रकरणे गमवावी लागली.

पैठणची नक्षी

मी पैठणची. साडीवरच्या मोर, कमळ, आसावली अशा आकृत्यांच्या डिजिटल फाइल तयार करून विकते. भरतकाम करणारे आणि छपाई करणारे लोक त्या घेतात आणि त्यात परदेशातल्या महिला अधिक आहेत. माझ्यावर आलेल्या पहिल्या तीन चार्जबॅकचे कारण इतके साधे होते की ते कळल्यावर मला रडू आले होते.

गेटवेचे खाते सासऱ्यांच्या व्यवसायाच्या नावावर उघडलेले होते, कारण जीएसटी नोंदणी आणि चालू खाते त्यांच्याकडेच होते. त्यामुळे अमेरिकेतल्या बाईने मोराची फाइल घेतली की महिन्याच्या शेवटी तिच्या कार्डाच्या विवरणात माझ्या दुकानाऐवजी एका कृषी सेवा केंद्राचे नाव येई. बियाणे आणि खते आपण कधी घेतली नाहीत हे तिला पक्के ठाऊक होते, म्हणून तिने बँकेला कळवले की हा व्यवहार माझा नाही. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केले असते. पुढे मी तिला पत्र लिहिले. तिने तक्रार मागे घेते असे कळवून क्षमाही मागितली, पण तोवर बँकेतले प्रकरण पुढे गेले होते आणि ती रक्कम परत आलीच नाही.

आता माझे स्वतःचे खाते आहे आणि विवरणात दुकानाचेच नाव येते. खरेदी झाल्याबरोबर जो ईमेल जातो त्यात पहिल्याच ओळीत लिहिलेले असते की आपल्या कार्डाच्या विवरणात हा खर्च या नावाने दिसेल. तेव्हापासून 'ओळखीचे नाही' या कारणाची एकही तक्रार आलेली नाही.

सिडको एन-सात (छत्रपती संभाजीनगर)

ताई, आपण ते खाते बदललेत हे उत्तम झाले, कारण त्यात नाव न ओळखण्यापेक्षाही मोठा धोका होता. खते विकण्यासाठी घेतलेल्या खात्यावरून दुसऱ्याच प्रकारचा व्यवसाय केल्याचे गेटवेच्या लक्षात आले, तर तो करारभंग ठरतो आणि खाते बंद होऊन साठलेली रक्कमही अडकते. घरच्या घरी सोय म्हणून आपल्याकडे असे सर्रास केले जाते, म्हणून मुद्दाम लिहिले.

मी एका बँकेच्या कार्ड-तक्रार विभागात काही वर्षे काम केले आहे आणि आता निवृत्त आहे. बालाघाट सरांचे दुःख मी समजू शकतो. तरीही टेबलाच्या पलीकडची बाजू सांगणे मला आवश्यक वाटते. आमच्याकडे तक्रार घेऊन येणारा प्रत्येक माणूस लबाड नव्हता. निवृत्त शिक्षक, शेतकरी, महाविद्यालयात शिकणाऱ्या मुली असे लोक येत. कोणाला 'मोफत सात दिवस' सांगून वर्षाचे पैसे कापलेले असत, कोणाच्या तीन ईमेलना विक्रेत्याने उत्तर दिलेले नसे. अनधिकृत व्यवहारांबाबत रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाला मोठे संरक्षण दिले. त्रयस्थाकडून झालेल्या फसवणुकीची खबर तीन कामकाजी दिवसांत दिली तर ग्राहकावर कोणताही बोजा येत नाही, बँकेने दहा कामकाजी दिवसांत तात्पुरती रक्कम जमा करावी लागते आणि दोष ग्राहकाचा असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर असते. हे संरक्षण नसते तर लोक ऑनलाइन पैसे भरायला धजावलेच नसते आणि मग आपली टेस्ट सिरीजही विकली गेली नसती.

आता पुराव्याविषयी. आपण पाठवलेली कागदपत्रे वाचणाऱ्या माणसापुढे दिवसभरात अशी कितीतरी प्रकरणे येतात. तो आपला विषय जाणत नाही, टेस्ट सिरीज म्हणजे काय हेही त्याला ठाऊक असेलच असे नाही. म्हणून पहिले पान असे असावे की ते वाचून बाकीचे नाही वाचले तरी चालेल. व्यवहार कोणत्या तारखेचा, किती रकमेचा, ग्राहकाने नोंदवलेला मोबाइल क्रमांक कोणता, पहिला प्रवेश केव्हा, शेवटचा प्रवेश केव्हा, एकूण वापर किती, आणि तक्रारीच्या तारखेआधी ग्राहकाने आपल्याकडे काही कळवले होते की नाही. हे सर्व आठ-दहा ओळींत असावे. पडद्याची चित्रे जोडताना त्यांत तारीख आणि ग्राहकाची ओळख स्पष्ट वाचता आली पाहिजे. काही विक्रेते चाळीस पानांचा कच्चा लॉग जोडून देत, आणि त्यातली कामाची ओळ अधिकाऱ्याने शोधावी अशी त्यांची अपेक्षा असे. ती कोणी शोधत नाही.

मोंढ्यात आडत्याकडची पट्टी आपण सर्वांनी पाहिली आहे. तीवर मालाचे नाव, वजन, भाव, हमाली, तोलाई आणि हाती आलेली रक्कम एवढेच असते, पण वाद झाला की तीच चालते, कारण ती त्याच दिवशी आणि त्याच क्षणी लिहिलेली असते. डिजिटल सेवेची अशी पट्टी सेवा देतानाच तयार व्हावी लागते. तक्रार आल्यावर जमवाजमव केली की ती तशीच दिसते.

धाराशिवचा वाचक

मी विक्रेता नाही, ग्राहक आहे आणि मी स्वतः चार्जबॅक केलेला आहे, म्हणून लिहितो. स्पर्धा परीक्षेचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम घेतला होता. जाहिरातीत रोज थेट वर्ग असे म्हटले होते, प्रत्यक्षात जुनी ध्वनिचित्रमुद्रणे निघाली. परताव्याचे पान संकेतस्थळावर शोधूनही सापडले नाही. दिलेला दूरध्वनी क्रमांक कोणी उचलत नव्हते. तीन आठवडे वाट पाहून मी बँकेत गेलो. मला भांडण नको होते. फक्त कोणाशी तरी बोलायचे होते आणि बोलायला माणूसच नव्हता.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि महिन्याच्या आत तिचे निवारण करावे असे बंधन आहे. परताव्याच्या अटी उघडपणे दाखवणेही त्यात आले. ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी तर वर्गणीच्या सापळ्याला, म्हणजे घेणे सोपे आणि बंद करणे अवघड अशा मांडणीला, अनुचित ठरवले आहे. बालाघाट सरांकडे फोन उचलणारे माणूस आहे, तेव्हा त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पण या धाग्यात ग्राहकाचा उल्लेख केवळ लबाड म्हणून होऊ नये.

बालाघाट (लातूर)

आपणा दोघांचे म्हणणे मी दोनदा वाचले. त्यानंतर सहाही प्रकरणे पुन्हा उघडून पाहिली आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर सहाच्या सहा सारखी नाहीत. तीन जणांनी पुष्कळ चाचण्या सोडवल्या होत्या. एका मुलीने फक्त एकदा प्रवेश केला होता आणि दुसऱ्या आठवड्यात तिच्या आईने 'आमच्या मोबाइलवर चालत नाही' असा संदेश पाठवला होता. त्या संदेशाला आमच्याकडून उत्तर गेलेच नव्हते. परीक्षेच्या तोंडावरची गर्दी होती हे खरे, पण ती आमची चूक होती आणि ते पैसे परत जाणे योग्यच होते. मी त्या आईंना फोन करून तसे सांगितले. उरलेल्या दोघांचे मला अजून उमगलेले नाही.

एक विचारायचे आहे. आमच्याकडे आता बहुतेक पालक यूपीआयने पैसे भरतात. तिथे हा त्रास नसतो असे म्हणतात. ते खरे आहे का?

गोदाकाठ (नांदेड)

पूर्ण खरे नाही. यूपीआयमध्येही चार्जबॅक आहे. ग्राहक आपल्या अॅपमधून किंवा बँकेतून वाद नोंदवतो आणि यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या व्यवस्थेतून तो पुढे येतो. मात्र त्याचा मुख्य उपयोग पैसे कापले गेले पण विक्रेत्याला पोचले नाहीत, किंवा दोनदा कापले गेले, अशा प्रकारांसाठी होतो. 'सेवा आवडली नाही' अशा कारणासाठी कार्डावर जितका मोकळा रस्ता आहे तितका तिथे नाही. त्यामुळे देशातल्या ग्राहकांसाठी यूपीआय पुढे ठेवणे मला शहाणपणाचे वाटते, फक्त विक्रेत्याच्या खात्यावर घ्यावे. स्वतःच्या खाजगी क्रमांकावर पैसे घेऊन हिशोब वहीत ठेवणे, हे मी आपल्या भागात फार पाहतो आणि त्यात ना पावती तयार होते ना पुरावा.

मांजरा

यूपीआयचा त्रास वेगळ्या वाटेने येतो, तो मी भोगला आहे. मी केज तालुक्यातून मोबाइल गेमचे टॉप-अप आणि गिफ्ट कोड विकत होतो. ग्राहक पैसे पाठवतो, मी कोड पाठवतो, दोन मिनिटांत व्यवहार पूर्ण. मागच्या वर्षी एके दिवशी सकाळी डिझेल भरायला गेलो तर माझ्या खात्यातून पैसेच निघेनात. बँकेत गेल्यावर कळले की परराज्यातल्या एका सायबर तक्रारीवरून खात्यावर होल्ड लागला आहे. कोणाची तरी फसवणूक झाली होती, त्याने सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली होती, आणि चोराने त्या पैशांतले ७५० रुपये खर्चून माझ्याकडून कोड घेतले होते. चोरीचा पैसा ज्या ज्या खात्यांतून गेला त्या साखळीत माझेही खाते आले. ७५० रुपयांसाठी माझे संपूर्ण खाते बंद राहिले, त्यात वडिलांच्या उपचारांसाठी ठेवलेली रक्कमही होती.

हा चार्जबॅक नव्हे. इथे गेटवे नाही, संकेतांक नाही, पुरावा देण्यासाठी ठरावीक मुदतही नाही. पोलिसांना संशयित मालमत्ता अटकावून ठेवण्याचा अधिकार पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ मध्ये आहे. मी बँकेकडून तक्रारीचा पोच क्रमांक आणि संबंधित पोलीस ठाण्याचे नाव लेखी मागून घेतले, त्या ठाण्याला विक्रीची पावती, ग्राहकाशी झालेला संदेशव्यवहार आणि कोड पाठवल्याची वेळ ईमेलने पाठवली, आणि वादग्रस्त ७५० रुपयांपुरताच होल्ड ठेवून बाकी खाते मोकळे करावे अशी विनंती केली. दर आठवड्याला स्मरणपत्र पाठवत राहिलो. खाते मोकळे व्हायला अडीच महिने लागले.

दोनच गोष्टी सांगतो. व्यवसायाचे खाते आणि घरखर्चाचे खाते कधीही एक ठेवू नका. आणि ज्याचे लगेच पुन्हा पैसे करता येतात अशी डिजिटल वस्तू, म्हणजे गिफ्ट कोड, टॉप-अप, चोराला सर्वांत प्रिय असते. मी तो व्यवसाय सोडला. आता लग्नपत्रिकांचे व्हिडिओ करतो. ज्यात वर-वधूंची नावे आहेत असा व्हिडिओ चोराच्या कामाचा नाही.

पैठणची नक्षी

मांजरा भाऊ, आपले वाचून वाईट वाटले. वडील आता बरे असतील अशी आशा करते.

फाइल विकणाऱ्यांचे दुखणेही त्याच जातीचे आहे, कारण फाइल एका क्षणात उतरवून घेता येते. मी केलेले बदल सांगते. नव्या ग्राहकाने एकाच वेळी वीस-पंचवीस फाइल घेतल्या तर त्या लगेच उतरवता येत नाहीत. मी आधी एक ओळीचा ईमेल पाठवते की कोणत्या कापडासाठी हव्या आहेत, त्याप्रमाणे योग्य आकार देते. खरी ग्राहक आनंदाने उत्तर देते, कारण तिला खरोखरच मदत हवी असते. कार्ड चोरून आलेला माणूस उत्तर देत नाही आणि मी त्याचे पैसे त्याच दिवशी परत करते. यात काही विक्री बुडते हे खरे आहे. मात्र या प्रश्नामुळेच कित्येक ग्राहक पुन्हा पुन्हा येऊ लागल्या.

परताव्याबाबत माझे मत थोडे कठोर वाटेल. फाइल उतरवल्यावर परतावा नाही, असे मी पूर्वी ठळक अक्षरांत लिहीत असे. आता लिहीत नाही. फाइल यंत्रावर चालली नाही तर चौदा दिवसांत पैसे परत, असे लिहिते आणि न हुज्जत घालता देते. कडक अट वाचून ग्राहक माझ्याकडे येत नाही, बँकेकडे जातो, आणि तिथे माझी फाइलही जाते, पैसेही जातात आणि शुल्कही लागते.

सिडको एन-सात (छत्रपती संभाजीनगर)

ताईंनी परताव्याविषयी लिहिले ते मी अधोरेखित करतो. त्यात एक सावधगिरी मात्र हवी. चार्जबॅक दाखल झाल्यानंतर ग्राहकाला वेगळा परतावा देऊ नये. बँकेमार्फत रक्कम आधीच मागे गेलेली असते, घाईने परतावा दिला तर ती दोनदा जाते. अशा वेळी गेटवेच्या पानावर चार्जबॅक मान्य करावा आणि ग्राहकाला तसे कळवावे. काही गेटवे तक्रार चार्जबॅक होण्याआधीच सूचना देण्याची सोय देतात, त्यामागे व्हेरिफी आणि इथोका या सेवा असतात आणि त्या आता अनुक्रमे व्हिसा आणि मास्टरकार्डच्या मालकीच्या आहेत. ती सूचना आल्यावर दिलेला परतावा चार्जबॅक टाळतो.

परदेशी ग्राहक असलेल्यांनी आणखी एक समजून घ्यावे. १०.४ या संकेतांकासाठी व्हिसाने १५ एप्रिल २०२३ पासून पुराव्याचा नवा नियम आणला. त्याच कार्डावरचे, आधीचे, कोणताही वाद नसलेले किमान दोन व्यवहार दाखवायचे, ते वादाच्या तारखेपूर्वी १२० ते ३६५ दिवसांच्या दरम्यानचे असले पाहिजेत, आणि आयपी पत्ता, उपकरणाची ओळख, ग्राहकाचे खाते, पोचवण्याचा पत्ता यांपैकी किमान दोन गोष्टी तिन्ही व्यवहारांत जुळल्या पाहिजेत. त्यांपैकी एक आयपी पत्ता किंवा उपकरणाची ओळख असावीच लागते. इतके जुळले तर जबाबदारी कार्ड देणाऱ्या बँकेकडे जाते. गोदाकाठ यांच्यासारख्या दरमहा पैसे घेणाऱ्याला हे सहज जमेल, एकदाच विक्री करणाऱ्याला जमणार नाही. पण नोंद पहिल्या व्यवहारापासून ठेवलेली असेल तरच हे शक्य आहे.

गोदाकाठ (नांदेड)

याच नियमावर मी एक प्रकरण जिंकलो आहे, म्हणून दुजोरा देतो.

दरमहा वर्गणी घेणाऱ्यांसाठी एक भर घालतो. देशातल्या कार्डांवरच्या आवर्ती व्यवहारांना १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेची चौकट लागू आहे. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जाते, आणि सर्वसाधारण व्यवहारांत १५,००० रुपयांपर्यंतच पुन्हा ओटीपी न मागता कापता येतात. ही सूचना बँकेच्या भाषेत जाते आणि लोक ती वाचत नाहीत. मी सात दिवस आधी स्वतःचा ईमेल आणि व्हॉट्सअॅप संदेश पाठवतो, त्यात मागच्या वेळेपासून आम्ही त्यांच्या संकेतस्थळासाठी काय काय केले ते चार ओळींत लिहितो आणि बंद करायचे असल्यास त्याच संदेशात दुवा देतो. काही जण खरोखर बंद करतात. ते आधीच जाणार होते, फक्त आता बँकेच्या मार्गाने न जाता दारातून जातात आणि त्यांतले दोघे पुढे परत आले.

आणि ज्यापुढे विक्रेता नेटवर्कच्या देखरेखीखाली येतो तो मास्टरकार्डचा महिन्याला १०० चार्जबॅक व दीड टक्का हा निकष वाचून लहान विक्रेते निर्धास्त होतात, तसे होऊ नये. नेटवर्कचा निकष मोठ्यांसाठी आहे, पण गेटवेचे स्वतःचे निकष त्याहून कडक असतात. महिन्याला दोनशे व्यवहार करणाऱ्याला आठ दिवसांतले सहा चार्जबॅक म्हणजे तीन टक्के झाले. त्यात गेटवे रक्कम रोखून धरू शकतो.

धाराशिवचा वाचक

जीएसटीचे काय होते? पैसे परत गेले, पण कर भरलेला असतो.

सिडको एन-सात (छत्रपती संभाजीनगर)

सेवेत त्रुटी मान्य करून पैसे परत दिले असतील तर केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे क्रेडिट नोट, म्हणजे आधीच्या बिलाची रक्कम आणि कर कमी करणारी पावती, काढता येते. ती आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा त्याआधी वार्षिक विवरणपत्र भरले असेल तर तोपर्यंत, दाखवावी लागते. सेवा पूर्ण दिली आणि पैसे मात्र बुडाले, अशा बुडीत रकमेवर भरलेला कर परत मिळण्याची सोय जीएसटीत नाही. आपल्या प्रकरणात कोणता भाग लागू होतो ते कर सल्लागाराला कागद दाखवून ठरवावे.

बालाघाट (लातूर)

सर्वांचे मनापासून आभार. उरलेल्या दोन प्रकरणांची मुदत संपलेली नव्हती, त्यामुळे आपण सांगितल्याप्रमाणे उत्तर तयार केले. पहिल्या पानावर नऊ ओळी लिहिल्या. सोबत त्या विद्यार्थ्याने ओटीपीने पडताळलेला मोबाइल क्रमांक, प्रत्येक चाचणी सुरू आणि समाप्त केल्याची वेळ, आणि त्याने स्वतः उतरवून घेतलेली गुणपत्रिका एवढेच जोडले. एक निकाल काल आला. तो आमच्या बाजूने आहे आणि १,९९९ रुपये पुढच्या जमेत परत येतील असे गेटवेने कळवले आहे. दुसऱ्याची वाट पाहतो आहे. त्यात मुलाने अवघ्या दोनच चाचण्या दिल्या होत्या, त्यामुळे मला फारशी आशा नाही आणि हट्टही नाही.

कामात केलेले बदल असे. पालकाच्या कार्डाने मुलासाठी खरेदी होते, म्हणून आता पैसे भरणाऱ्याचा क्रमांकही घेतो आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पालकाला संदेश जातो की आपल्या पाल्याने या महिन्यात इतक्या चाचण्या सोडवल्या, सरासरी गुण इतके. हा संदेश पुरावा म्हणून सुरू केला होता. पण पहिल्याच महिन्यात अकरा पालकांचे फोन आले आणि त्यांतल्या कोणालाही पैशांविषयी बोलायचे नव्हते. मुलगा चाचण्या देतच नाही हे त्यांना पहिल्यांदा कळले होते. रेणापूरचे एक वडील तर दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन आमच्या कार्यालयात आले आणि तो इथेच बसून चाचणी देईल का, असे विचारू लागले. आम्ही त्याच्यासाठी खिडकीपाशी एक टेबल मोकळे केले आहे.

परताव्याचे पान आज लिहायला घेतले आहे. पहिल्या पंधरा दिवसांत तीनपेक्षा कमी चाचण्या दिल्या असतील तर पूर्ण रक्कम परत, असा मसुदा आहे. पैठणच्या ताईंनी आणि धाराशिवच्या वाचकांनी तो एकदा वाचून पाहावा अशी विनंती आहे. उद्या सायंकाळपर्यंत इथेच टाकतो.